आमचं तोरण मरून रंगाचंच होतं

आमच्या क्रोशाच्या व्यवसायाची सुरुवात मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, अशा दोघींनी केली. सांगलीच्या गावभागात घराची माडी, सासूबाईंची सव्वा नंबरची स्टीलची सुई (अंगठा टेकायची जागा घासून घासून आरशासारखी झालेली) आणि उधारीवर आणलेला दोरा. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतली सगळी लोकर गेली. पण त्यातून आम्ही तीन महिन्यांत उभ्या राहिलो. उठायला खरा वेळ लागला तो एका फोटोमुळे.

पुढे एका वर्षी दिवाळीसाठी तीनफुटी तोरण केलं होतं. मरून रंगाचा दोरा, मोतिया रंगाची कमळं, खाली घुंगरं. एका तोरणाला मला चार दिवस लागायचे. रात्री साडेदहाला, सगळी कामं आवरल्यावर, पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर ते पसरलं, ट्यूबलाइट लावली, फ्लॅश मारला आणि फोटो स्टेटसला टाकला. सकाळपर्यंत चाळीस ऑर्डरी! जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

फोटोत ते तोरण कुंकवासारखं लालभडक आलं होतं, हे आम्हाला कळलंच नाही. आमच्या डोळ्यांपुढे खरं तोरण होतं, फोटोकडे कोण निरखून बघतंय? पार्सलं पोचली आणि फोन सुरू झाले. ‘लाल मागवलं होतं, हे काळपट काय पाठवलंत?’ चाळीसातली अकरा परत आली. बऱ्याच जणींनी पैसे कापून घेतले. एकीनं तर विचारलं, मशीनचं आहे का? अहो, क्रोशा मशीनवर होत नाही! पण समोरून फ्लॅश मारला की टाक्यांची सावलीच उरत नाही, खांब आणि साखळी हे दोन्ही टाके एकसारखे सपाट दिसतात, छापील कापड वाटतं. तिचं तरी काय चुकलं?

याच दिवाळीत आमच्याच माडीवर मुका खांब (क्रोशाचा साधा टाका) शिकून गेलेल्या एका बाईंनी आपलं दुकान मांडलं. नाव घेत नाही. कमळ आमचं, पाकळ्यांची संख्यासुद्धा आमचीच. फोटो मात्र असा की बघत राहावं: पितळी परात, झेंडूची दोन फुलं, बाजूनं येणारं कोवळं ऊन. तिच्या पाकळ्यांच्या कडा वळतात, कारण ती खळ देत नाही आणि टाचण्या लावून वाळवत नाही. फोटोत ते दिसत नाही, कोनच तसा घेतलेला असतो. आमची नेहमीची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. पुढची दोन वर्षं आम्ही शाळेच्या गॅदरिंगच्या टोप्या विणून काढली. मी एकदा तिचा फोटो मोठा करून जाऊबाईंना दाखवला, ‘हा बघा सुटलेला टाका.’ त्या म्हणाल्या, ‘तुला दिसला, कारण तू शोधलास.’

डोंबिवलीच्या एक काकू तेवढ्या टिकल्या. त्यांनाही लालच हवं होतं, पण ‘वीण बघून ठेवून घेतलं’ म्हणाल्या. त्यांनी आपल्या दाराला लावलेल्या तोरणाचा फोटो पाठवला. सकाळची वेळ, चाळीच्या गॅलरीतला उजेड, एक कोपरा कापलेला. आणि रंग? तंतोतंत मरून. त्यांचा फोन माझ्याहून जुना होता.

तरी मला उमगलं नाही. उमगलं जाऊबाईंना. त्या रोज दहाच्या सुमाराला माडीच्या उत्तरेकडच्या खिडकीत तांदूळ निवडायला बसतात. तिथं ऊन सहसा थेट येत नाही, उजेड आडवा येतो. म्हणाल्या, ‘खडा दिसतो तिथं टाका दिसणार नाही होय?’ मी त्यांचं ताट उचललं आणि तिथंच विणलेला रुमाल मांडला. एकेक खांब उठून दिसायला लागला.

बाकीचं चुकत चुकत शिकलो. खिडकीतून फोटो काढताना ट्यूबलाइट बंदच हवी, नाहीतर अर्धा रुमाल निळा आणि अर्धा पिवळा येतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला मखराच्या जुन्या थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावली मऊ होते. फोन गडद वस्तू बघून फोटो उजळवतो, म्हणून आमचं मरून लाल झालं होतं. पांढरा रुमाल बघून उलट काळवंडवतो. बोट स्क्रीनवर दाबून धरायचं आणि उजेड मरूनसाठी खाली ओढायचा, पांढऱ्यासाठी वर. गोल रुमालाला फोन चिकटवायचा नाही, मधला भाग फुगतो. दोन पावलं मागे जाऊन झूम करा. लेन्स पदरानं पुसा, आपल्या हाताला तेल असतंच. आणि रिंगलाइटवर पैसे घालवू नका. आम्ही घातले, ती आता नातीच्या नाचाला लागते.

फोटोच्या आधी रुमाल धुऊन, साबुदाण्याची पातळ खळ देऊन, टाचण्यांनी ताणून रात्रभर वाळवतो. सुई किंवा रुपयाचं नाणं शेजारी ठेवतो, म्हणजे आकारावरून भांडण नको. ‘मरून, लाल नव्हे’ असं खाली लिहितो. त्यानंतर रंगावरून एकही तोरण परत आलेलं नाही. आता पाचजणी विणायला येतात, बरं चाललंय.

गेल्या महिन्यात ती बाई मंडईत भेटली. भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘हल्ली तुमचे फोटो छान असतात हं.’

विणकामाबद्दल एक अक्षर बोलली नाही.