दोन्ही किडन्यांत खडे आणि स्टेंटचे दिवस

ऑपरेशनचं फार टेन्शन घेऊ नका, पण स्टेंटबद्दल, म्हणजे नंतर काही दिवस आत ठेवतात त्या नळीबद्दल, डॉक्टरांना आधीच खोदून खोदून विचारा. मला ऑपरेशनपेक्षा त्यानेच जास्त छळलं.

माझ्या उजव्या किडनीत २४ मिलिमीटरचा खडा होता आणि डाव्या किडनीत खालच्या कप्प्यात ११ चा. उजवीकडे सूजही आलेली. तोवर सासूबाईंचं कुळथाचं कढण, शेजारच्या काकूंची पानफुटी आणि दिरांचं "वहिनी, बिअर घेऊन बघा" हे सगळं कानावरून गेलं होतं. चार-पाच मिलिमीटरचा खडा बहुतेक वेळा आपसूक पडतो, आणि श्रेय पानफुटीला मिळतं.

नाशिकमध्येच कॉलेज रोडला एक आणि मुंबई नाक्याला एक, अशा दोन युरॉलॉजिस्टना दाखवलं. दोघांनीही आधी साधा सीटी स्कॅन सांगितला. त्यात खड्याचा आकार, जागा आणि कडकपणा कळतो. माझा खडा कडक, त्यामुळे बाहेरून धक्के देऊन फोडायचा पर्याय बाद. दोन सेंटिमीटरच्या वरचा म्हणून उजवीकडे पीसीएनएल, म्हणजे पाठीतून छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने. डावीकडे आरआयआरएस, म्हणजे लघवीच्या वाटेने लवचीक दुर्बीण नेऊन लेझरने. दोन्ही एकदमच उरका म्हटलं, तर डॉक्टरांनी वेगवेगळ्या सिटिंगला करू म्हणून सांगितलं. लघवीच्या कल्चरमध्ये इन्फेक्शन निघालं, म्हणून आधी अँटिबायोटिकचा कोर्स झाला. इथे घाई करू नका. इन्फेक्शन असताना खडा फोडला तर ते रक्तात पसरू शकतं.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसी नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत मुतखड्याला सुरुवातीची दोनेक वर्षं कव्हर नसतं. आमचं कॅशलेस मंजूर झालं, पण ग्लोव्हज वगैरेचे पैसे खिशातूनच गेले.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच, कारण पूर्ण भूल होती. पालथं झोपवून करतात, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर पाठीपेक्षा मान जास्त आखडली होती. लघवी पहिले काही दिवस लाल, मग गुलाबी, मग साफ. पाठीवर आता नीट शोधावी लागेल एवढी खूण आहे.

आणि आत स्टेंट. किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी मऊ नळी, दोन्ही टोकं वळलेली. आतल्या सुजेने लघवी अडू नये म्हणून ठेवतात. पण लघवीला बसलं की कमरेत अशी कळ वर चढायची की बाथरूमचा नळ घट्ट धरून बसायचे. सारखं जावंसं वाटायचं, गेलं की चार थेंब. खड्ड्यांतून रिक्षाने आले की लघवी परत लालसर. हे सगळं स्टेंट असेपर्यंत होऊ शकतं. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

स्टेंटच्या कळांसाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी लिहून दिली होती. मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणतो, "काकू, ही काकांची आहे ना? प्रोस्टेटची गोळी आहे." मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळी माझीच होती. ती मूत्रमार्गाचे स्नायू सैल करते, म्हणून स्टेंटच्या त्रासातही देतात. मला फरक पडला.

डावीकडच्या ऑपरेशनच्या वेळी उजवा स्टेंट काढला आणि डावीकडे नवा घातला. तो शेवटचा ओपीडीतच, सुन्न करायची जेली लावून काढला. पाचेक मिनिटं, फार तर ओशाळवाणं. काढायची तारीख मात्र फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवरही खडे जमतात, मग त्याचंच ऑपरेशन.

खडा तपासायला दिला होता. कॅल्शियम ऑक्सलेट निघाला. मी दूध सोडायच्या तयारीत होते, पण डॉक्टर म्हणाले, दूध-दही चालू ठेवा, मीठ कमी करा. जेवणातलं कॅल्शियम हे जेवणातल्या ऑक्सलेटला आतड्यातच धरतं. म्हणजे ऑक्सलेटच्या भीतीने टोमॅटोवर राग काढायचं कारण नाही. पापड, लोणचं आणि मिसळीवरची जादा शेव मात्र गेली. पाणी इतकं प्यायचं की दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी. माझी शाळा पेठच्या बाजूला, तिथलं बाथरूम न वापरण्यासारखं, त्यामुळे वर्षानुवर्षं निघताना घोटभरच पाणी घ्यायचे. आता बाथरूमची किल्ली मागून घेतलीय आणि स्वच्छतेचा विषय दर मीटिंगला काढते. हेडमास्तर वैतागलेत.