पॅन्झीच्या बियांनी घेतलेले दोन महिने : माझा अनुभव

खाता येतील अशी फुलं घरीच बियांपासून वाढवायची ठरवून मी तीन पाकिटं आणली होती : नॅस्टर्शियम, कॅलेंड्युला आणि पॅन्झी. पहिल्या दोघांनी काही त्रास दिला नाही. नॅस्टर्शियमचं वाटाण्याएवढं सुरकुतलेलं बी रात्रभर भिजवलं, अर्ध्या पेराएवढं खोल खोचलं, दहा दिवसांत कोंब वर. कॅलेंड्युलाचं बी नखासारखं वाकडं, तेही आठवड्यात उगवलं. पॅन्झीने मात्र अंत पाहिला, आणि त्याचा दोष मी आजही त्या पाकिटाला देते.

पाकिटामागे तीनच ओळी होत्या. मातीवर भुरभुरा, पाणी शिंपडा, 10 ते 14 दिवसांत उगवते. मी तसंच केलं. ट्रेमध्ये चाळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलं, खसखशीपेक्षा जेमतेम मोठं असलेलं बी वरून पसरलं आणि ट्रे गॅलरीत ठेवला. रोज सकाळी उठल्या उठल्या तोंड धुवायच्या आधी जाऊन बघायचे. चौदा दिवस गेले, वीस गेले. हिरवं म्हणून काही नाही, वर नुसतं शेवाळ धरलं.

मला वाटलं ओल कमी पडली. दुसऱ्या खेपेला ट्रेवर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवला आणि उजेड भरपूर मिळावा म्हणून तो खिडकीतल्या उन्हात सरकवला. आता वाटतं, याहून वाईट काही करताच आलं नसतं. तीन आठवड्यांनी टूथपिकने कोकोपीट उकरलं, तर बिया जशाच्या तशा. कुजल्या नव्हत्या, फुगून फुटल्याही नव्हत्या. बी खराब असेल म्हणून पाकीट फेकून देणार होते. आई म्हणाली, "अगं, कुजलं नाही म्हणजे जिवंत असेल. त्याला काहीतरी सोसत नसेल, ते बघ आधी."

मग स्वयंपाकघरातला थर्मामीटर कोकोपीटमध्ये खुपसला. 33 अंश! पॅन्झीला उगवायला मातीचं तापमान 18 ते 20 अंश सेल्सियस लागतं. ते 25च्या वर गेलं की उगवण झपाट्याने घटते आणि बी झोपूनच राहतं. शिवाय त्याला उगवताना अंधार चांगला मानवतो आणि मी ते उघड्यावर पसरून उन्हात ठेवलं होतं. ही दोन वाक्यं पाकिटावर छापायला जागा नव्हती असं नाही. अर्ध्या पाकिटावर फुलांचा फोटो होता. माझं अर्धं पाकीट बी आणि दीड महिना त्या न छापलेल्या दोन वाक्यांपायी गेला.

तिसऱ्यांदा पेरलं ते गारवा सुरू झाल्यावर. या वेळी आधी दहा बिया ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवल्या. सहा रुजल्या, म्हणजे बी चांगलं होतं. मग वीस बिया मोजून पेरल्या, वर तीन-चार मिलिमीटर बारीक कोकोपीट चाळलं आणि ट्रे घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, जमिनीवर, पुठ्ठ्याखाली झाकून ठेवला. रोज थर्मामीटर बघायचे : 19, 20, 19. अकराव्या दिवशी पुठ्ठा उचलला तर एका जागी कोकोपीटचा कण वर उचलला गेला होता आणि त्याखाली दोऱ्याच्या फासासारखा वाकलेला पांढरा देठ. मी तिथेच जमिनीवर बसले. संध्याकाळपर्यंत आणखी तीन वर आले.

पहिला कोंब दिसला की पुठ्ठा त्याच दिवशी काढा. अंधारात एक दिवस जास्त राहिली तरी रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात. माझी बारा उगवली, त्यातली चार मर रोगाने बुडाशी बारीक होऊन कोलमडली, कारण मी वरून पाणी मारत होते. त्यानंतर ट्रे पाण्याच्या थाळीत ठेवून खालूनच ओल द्यायला लागले. उरलेली आठही जगली.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं : खायची फुलं बियांपासूनच का, तर शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या तयार रोपांवर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही. बी घेतानाही त्याला बुरशीनाशक चोळलेलं नाही ना, ते पाकिटावर वाचून घ्या. आणि नावाची खात्री केल्याशिवाय कुठलंही फूल तोंडात घालू नका. स्वीट पी दिसायला गोड, पण विषारी आहे.

नॅस्टर्शियमला मी प्रेमापोटी शेणखत घातलं, तर थाळीएवढी पानं आली आणि फुलं दोनच. त्याला निकस मातीच बरी. फुलांना मिरमिरीत झणका असतो, पानंही खाता येतात; फक्त पानाखाली मावा कीड नाही ना, ते बघा. कॅलेंड्युलाच्या पाकळ्याच घ्यायच्या, हिरवा देठाकडचा भाग कडू लागतो. फुलं सकाळी, दव वाळल्यावर खुडा.

पॅन्झीच्या पहिल्या फुलाची एक जांभळी पाकळी मी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. कोवळ्या पालेभाजीसारखी, किंचित गोडसर. आता बोंडं धरली आहेत. ती आधी खाली मान घालून असतात, पिकायला आली की वर उठतात आणि तीन फाकांत उकलून बी लांब उडवतात. म्हणून मान वर होताच मलमलच्या चिमुकल्या पिशव्या बांधल्या आहेत. बी ठेवायचं पाकीटही तयार आहे. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय : 18 ते 20 अंश, अंधारात.