तुम्ही विचारलंत म्हणून: कागदांत हरवलेलं माहेर

"तुझ्या नवऱ्याच्या घराण्यातल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईचं माहेर तू शोधून काढलंस म्हणे. कसं काय? आणि तुला का एवढं पडलं होतं त्याचं?" मंडळाच्या गणपतीत, कुणाकडच्या हळदीकुंकवाला, पुण्याला गेले की मामेभावाच्या घरी, हा प्रश्न ठरलेला आहे. उभ्याउभ्या त्याचं उत्तर नीट देता येत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ती माझ्या सासूबाईंच्या वडिलांकडची पूर्वज. बोस्टनच्या उत्तरेला, मॅसॅच्युसेट्समधल्या एसेक्स काउंटीत, १७०० च्या आसपास जन्मली. तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती. स्वतंत्र अमेरिका व्हायला अजून पाऊणशे वर्षं होती. तिथेच तिचं लग्न झालं, मुलं झाली आणि १७४० च्या दशकात ती गेली. तिचे वंशज अजून त्याच भागात नांदताहेत, म्हणून नाव देत नाही. एसेक्स म्हटलं की लोकांना सेलमचे १६९२ चे चेटकिणींचे खटले आठवतात. त्यांत भरडल्या गेलेल्या बायकांच्या जबान्या आजही वाचायला मिळतात. हिच्यावर असलं काही ओढवलं नाही, म्हणून हिच्याबद्दल कुणी काही लिहिलंही नाही. गावाच्या नोंदवहीत मुलांच्या जन्मापुढे बापाचं पूर्ण नाव आहे आणि आईचं नुसतं पहिलं नाव. ती कुणाची मुलगी, याचा पत्ता नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ पासून गावोगावी जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा नियम होता, त्यामुळे सगळं आयतं मिळत असेल असं वाटतं. पण कारकुनाकडे जाऊन नोंद घरच्यांनी करायची. राहिली तर राहिली. हिच्या लग्नाची नोंद आसपासच्या कुठल्याच गावात नाही.

इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत मात्र तिला एक भारदस्त आडनाव चिकटवलेलं आहे, आणि ते बिनदिक्कत एकीकडून दुसरीकडे उतरवलं जातं. मागे मागे जात राहिलं की सगळ्यांचं मूळ एकच निघतं: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापलेला घराण्याचा इतिहास. त्यात विधान आहे, आधार नाही. त्या काळात अमेरिकेत वंशावळींचं पेव फुटलं होतं. गुस्ताव्ह आंजू नावाचा स्वीडनहून आलेला एक माणूस न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहून पैसेवाल्यांना वंशावळी करून देत असे. खऱ्या कागदांच्या मध्ये बनावट नोंदी घुसवायच्या आणि गिऱ्हाइकाचं घराणं इंग्लंडमधल्या एखाद्या बड्या कुळाला नेऊन जोडायचं, ही त्याची रीत. त्याच्या खोट्या साखळ्या आजही लोक श्रद्धेने पुढे नेतात. आमचं पुस्तक त्याचं नाही. तरीही शंभर जणांनी एकमेकांचं पाहून लिहिलं तरी साक्षीदार एकच राहतो, आणि इथे त्या साक्षीदाराने काय पाहिलं होतं तेच माहीत नाही.

म्हणून मी घरातल्या बायबलपासून सुरुवात केली. जाडजूड, चामड्याच्या बांधणीचं. त्या काळच्या बायबलांत जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्या मध्ये घरातले जन्ममृत्यू लिहायला कोरी पानं असायची. सासूबाईंच्या बायबलात त्यातलं एक पान कापलेलं आहे. फाटलेलं नव्हे, कात्रीने सरळ कापलेलं. शिवणीशी बोटभर पट्टी उरली आहे. घरात कुणालाच त्याचं कारण सांगता येत नव्हतं.

कारण सापडलं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या विधवांना १८३६ आणि १८३८ च्या कायद्यांनी पेन्शन खुली झाली. पण लग्न अमुक तारखेच्या आत झालं होतं हे सिद्ध करायला लागायचं, आणि दाखला कुठून आणायचा? तेव्हा कितीतरी बायकांनी घरच्या बायबलाची पानं कापून अर्जाला जोडली. ती परत आलीच नाहीत. आजही पेन्शनच्या फायलींत ती पानं तशीच आहेत. आमच्या बाईच्या नातवाच्या विधवेनेही हेच केलं होतं. फाइलमधल्या पानाच्या वरच्या भागात तिच्या आजेसासऱ्यांच्या पिढीपासूनच्या नोंदी आहेत, आणि त्यांत आमची बाई आहे: पहिलं नाव, मुलं, मृत्यूची तारीख.

इथे हुरळून जायचं नसतं. बायबल हातात आलं की आधी छपाईचं साल बघायचं. आमचं १८१६ चं आहे. म्हणजे १७२० च्या दशकातल्या नोंदी घटना घडल्या तेव्हा लिहिलेल्या असूच शकत नाहीत. शाईही तेच सांगते. पहिल्या नव्वदेक वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच काळसर तपकिरी शाईच्या, एका बैठकीत उतरवलेल्या. पुढे हात बदलतात, शाई बदलते, ओळी वाकड्या होतात. तिथून पुढच्या नोंदी त्या त्या वेळच्या. म्हणजे वरचा भाग ही नातवाची आठवण, तीही त्याच्या जन्माआधी गेलेल्या आजीची. तिचं माहेर त्यालाही ठाऊक नसावं. असतं तर ज्या माणसाने तारखा इतक्या निगुतीने लिहिल्या त्याने तेही लिहिलं असतं.

मग शोधायचं कुठे? माझं पक्कं मत झालंय की सामान्य माणूस स्वतःच्या कागदांत सापडत नाही, तो दुसऱ्याच्या हिशेबात सापडतो. जमीन, कर्ज, वाटणी, तंटा, धर्मादाय: जिथे कुणाचा तरी पैसा गुंतला आहे तिथे कारकुनाने नाव लिहिलेलं असतं. न्यू इंग्लंडची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागातली, गावं परक्या गरिबांना 'गाव सोडा' अशी ताकीद देत, उद्या त्यांचा खर्च गावावर पडू नये म्हणून. त्या ताकिदीत माणूस, बायको, मुलं आणि ते कुठून आले ते गाव असं सगळं नोंदलेलं असे. बोस्टनमध्ये रॉबर्ट लव्ह नावाचा माणूस १७६५ पासून जवळजवळ दहा वर्षं रस्त्यांतून फिरून हेच काम करत होता. ज्यांच्या नावाचा दुसरा कागदच नाही असे कितीतरी जीव त्याच्या टिपणांमुळे आज सापडतात.

आपल्याला जवळचं उदाहरण व्हर्जिनियाचं. तिथे १६३५ च्या जमिनीच्या एका सनदेत 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी नोंद आहे. अमेरिकेच्या कागदोपत्री भेटणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी हा एक. त्याचं नाव का टिकलं? वसाहतीत माणूस आणणाऱ्याला डोई ५० एकर जमीन मिळत असे, आणि जॉर्ज मेनिफी नावाच्या जमीनदाराने आणलेल्या माणसांच्या यादीत टोनी मोजला गेला. त्याचं खरं नाव, गाव, आईबाप, काही नाही. ती नोंद वाचताना मला भरून येतं. ५० एकरांमुळे का होईना, तो आहे.

आमच्या बाईच्या बाबतीत पहिला धागा मिळाला तो मुलांच्या नावांत. त्या काळी मुलांना आजीआजोबांची नावं ठेवायची रीत होती, आपल्यासारखीच. मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव पुन्हा. तिच्या मुलांची नावं सासरच्या वळणाची आहेत, एक सोडून. तिसऱ्या मुलाचं पहिलं नाव म्हणजे मुळात शेजारच्या गावातल्या एका घराण्याचं आडनाव. आईच्या माहेरचं आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून द्यायची पद्धत तेव्हा होती. पुरावा नव्हे, पण कुठे बघायचं ते कळलं.

दुसरा धागा जमिनीच्या खतांचा. एसेक्स काउंटीची जुनी खतं सेलमला नोंदलेली आहेत आणि आता घरबसल्या दिसतात. २०२४ पासून फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर जुन्या हस्ताक्षरातल्या खतांचा आणि वारसाच्या कागदांचा सगळा मजकूरच शोधता येतो. पूर्वी फक्त विकणारा आणि घेणारा यांच्याच नावांची सूची असे. आता मधल्या मजकुरात कुठेतरी आलेलं नावही हाती लागतं. मी बाईच्या नवऱ्याचं नाव घातलं आणि शेजारच्या गावातल्या एका खाजणाच्या विक्रीचं खत समोर आलं. त्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्याखाली जाणारी गवताळ खाजणं आहेत. तिथलं खारं गवत गुरांना घालायचे, त्याच्या गंजी लाकडी खुंटांवर रचायचे. अशा खाजणातला बापाचा हिस्सा त्याच्या माघारी भावंडांनी मिळून विकला होता. विकणाऱ्यांत मुलगे होते, जावई होते, आणि त्यांत आमच्या बाईचा नवरा, 'आणि त्याची बायको, तिच्या हक्काने'.

हे शेवटचे दोन शब्द माझ्या दृष्टीने अख्ख्या शोधातले सगळ्यात मोलाचे. नवऱ्याच्या स्वतःच्या जमिनीचं खत असतं तर त्यात बायको फक्त आपला विधवेचा तृतीयांश हक्क सोडण्यापुरती सही करते. त्यावरून माहेर कळत नाही. इथे ती विकणारी आहे, कारण जमीन तिच्या बापाची आहे. तिने अंगठा नाही, एक खूण केली आहे: आडव्या रेघेला खाली दोन लहान फाटे. सेलमच्या वहीत आहे ती कारकुनाने मूळ कागद बघून काढलेली नक्कल, त्यामुळे तिच्या हाताचा दाब त्यात नाही. तरी खूण तिची आहे.

मग बापाच्या वारसाची फाइल. तिथे नकला नव्हेत, मूळ कागद असतात. मृत्युपत्राची तारीख 'फेब्रुवारी १७३१/३२'. दोन सालं बघून नवखा माणूस गोंधळतो. इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखांना दोन्ही सालं लिहीत. त्याच १७५२ साली सप्टेंबरातले ११ दिवस गाळून नवी दिनदर्शिका आली. हे माहीत नसेल तर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि भलतेच निष्कर्ष निघतात. नात्यांचंही तेच. त्या कागदांत सासूला नुसतं आई म्हटलेलं असू शकतं, पुतण्याला कझिन, आणि ज्युनिअर म्हणजे मुलगाच असं नाही. गावात त्याच नावाचा धाकटा माणूस, एवढाच त्याचा अर्थ.

मृत्युपत्रात बाप लिहितो की या मुलीला लग्नात जे दिलं ते धरून आणखी अमुक पौंड द्यावेत. काय दिलं होतं त्याची यादी फाइलमधल्या दुसऱ्या चिठोऱ्यावर आहे: एक गाय, पिसांची गादी, पितळी हंडा, कथलाच्या मिश्रधातूच्या ताटल्या, एक चरखा. आंदणच की! माझ्या आजीच्या आंदणात गाय होती आणि तांब्याचा हंडा होता. यादी वाचताना तीनशे वर्षं आणि सात समुद्र मध्ये आहेत असं वाटलं नाही. शेवटी उरलेल्या पौंडांची पावती. ती नवऱ्याने सही करून घेतली आहे, कारण लग्न झालेल्या बाईच्या पैशाची पावती कायद्याने नवरा द्यायचा. पण 'माझ्या बायकोच्या वाट्याचे, तिच्या बापाच्या मिळकतीतून' असं स्पष्ट लिहिलंय. खाजणाचं खत, मृत्युपत्र, पावती: एकमेकांशी संबंध नसलेल्या वेळी लिहिलेले तीन कागद एकच गोष्ट सांगतात. भारदस्त आडनाव पडलं. शेजारच्या गावातल्या मध्यम शेतकऱ्याची ती मुलगी होती.

आता दुसरा प्रश्न, मला का पडलं होतं. कोकणातल्या कितीतरी घराण्यांनी विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापले; आमच्या माहेरचाही आहे. लहानपणी मी तो मांडीवर घेऊन बसायचे. जुन्या पिढ्यांत पुरुषांची नावं, गाव, वतन, आणि बाईच्या जागी नुसतं 'पत्नी'. जिथे नाव आहे तिथेही सासरचं, लग्नात ठेवलेलं. तिला लहानपणी आईने काय हाक मारली ते कुठेच नाही. त्या बायकांना मी शोधू शकत नाही. त्यांच्या नावाचे कागदच झाले नाहीत, किंवा झाले ते वाळवीने खाल्ले. ही एक बाई सापडण्यासारखी होती. माझ्या लेकीत जेवढं कोकण आहे तेवढंच एसेक्सही आहे, तेव्हा ही मला परकी नाही. सासूबाईंना ते तीन कागद छापून नेऊन दिले, तेव्हा त्यांनी आधी आंदणाची यादी वाचली, मग पुन्हा वाचली, आणि विचारलं, "हिची आई कोण?"

ते अजून लागलेलं नाही. मृत्युपत्रात बाप 'माझी आताची बायको' असं म्हणतो; तेवढ्यावरून ती दुसरेपणाची होती असं ठरत नाही, आणि ती हिची आई होती असंही ठरत नाही. जन्म गावाच्या वहीत असतात, पण बाप्तिस्मे चर्चच्या वहीत, आणि आई चर्चची सभासद असेल तर तिथे तिचं नाव मिळतं. बोस्टनच्या काँग्रिगेशनल लायब्ररीने न्यू इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या वह्या लोकांसाठी खुल्या करायला घेतल्या आहेत. सध्या रात्री स्वयंपाकघर आवरलं की मी १७०० च्या आधीची पानं वाचते आहे.