मागची बाजू कोरी ठेवा : आमच्या छापखान्याची वाटचाल

१९८१ साली अण्णांनी नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळ एका वाड्याच्या ओसरीत जुनं ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन आणून बसवलं. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या अक्षरांच्या केसेस, ती अक्षरं जुळवणारा एक कंपोझिटर आणि मशीन चालवायला स्वतः अण्णा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या, असं काम. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे आमच्या ओळखीत प्रेसमधली माणसं भरपूर. ती घरी आली की अण्णा त्यांच्याशी कागद आणि शाईवरच बोलत बसायचे. ओल्या हवेत कागद कसा वागतो, शाई कधी खरी वाळते आणि कधी नुसती वाळल्यासारखी दिसते, हे मी शाळेत असतानाच ऐकत होतो.

पुढे मिनी ऑफसेट आलं, ओसरी सुटली, आम्ही सातपूरला गाळा घेतला. तिथे द्राक्षवाल्यांचं काम मिळालं. निर्यातीच्या पेट्या शीतगृहातून बाहेर आल्या की लेबलला घाम फुटतो, साधा कागद फुगतो आणि अक्षर पुसटतं. म्हणून आम्ही न फाटणाऱ्या सिंथेटिक, म्हणजे प्लास्टिकच्या शीटवर छापायला शिकलो. त्या शीटवर शाई आत मुरत नाही, वरच वाळावी लागते. थप्पी मोठी केली तर खालच्या कागदाची शाई वरच्याच्या पाठीला लागते. बरेच कागद वाया घालवून हे कळलं. ते शिक्षण कुठल्या कामाला येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

२०११ च्या पावसाळ्यात कॉलेज रोडला राहणारे एक निवृत्त नौदल अधिकारी गाळ्यावर आले. आम्ही त्यांना कमांडरकाका म्हणायला लागलो, इथेही तेच म्हणतो. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात शंभरेक कार्डं, सगळी वेगवेगळ्या देशांतली. कुठे शिडाच्या बोटीचं चित्र, कुठे नवरा-बायकोचा फोटो, आणि आडनाव जवळपास कुठेच नाही. काका निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांच्या शिडाच्या बोटीवर मदतनीस म्हणून जात. कोची, श्रीलंकेतलं गॉल, मालदीवमधलं उलिगान असे त्यांचे प्रवास झाले होते. प्रत्येक ठिकाणी लोकांनी त्यांना कार्ड दिलं, आणि त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. "मला माझं कार्ड हवंय," ते म्हणाले. "धंद्याचं नको, भेटीचं हवं."

मग दोन तास ते बोलत बसले. वर्षानुवर्षं बोटीवरच राहणारी, देशोदेशी फिरणारी जोडपी आणि कुटुंबं असतात. एखाद्या खाडीत चार बोटी नांगर टाकून उभ्या राहिल्या की कोणीतरी डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, शेजारच्या बोटीला भेटायला जातं. चहा होतो, नकाशे उघडले जातात, एकाचा बिघडलेला पंप दुसरा दुरुस्त करून देतो. आठ दिवसांत इतकी जवळीक होते, जी शेजारच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षांत होत नाही. मग वारा फिरतो आणि एक पूर्वेला, एक पश्चिमेला निघून जातो. पुन्हा गाठ पडली तर तीन वर्षांनी, दुसऱ्याच महासागरात. त्या लोकांत एकमेकांची ओळख बोटीच्या नावावरून. माणसाचं नाव विसरलं तरी चालतं, बोटीचं नाव विसरत नाहीत. निघताना कार्ड द्यायचं, आणि मिळालेल्या कार्डामागे लगेच लिहायचं : कुठे भेटलो, कधी, मुलं किती, कोणी काय मदत केली.

अण्णा तेव्हा थकले होते, पण रोज गाळ्यावर येऊन बसायचे. ते ऐकत होते. म्हणाले, "ही तर उपाध्यांची वही झाली." पंचवटीत आमच्या ओळखीचे तीर्थोपाध्याय आहेत, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. यात्रेकरू आला की गाव आणि आडनाव विचारायचं, वही काढायची, त्याच्या पणजोबाच्या हातचा मजकूर दाखवायचा आणि खाली त्याच्याकडून नवीन नोंद करून घ्यायची. माणूस फिरता आणि वही स्थिर. कमांडरकाका म्हणाले, आमच्यात वहीसुद्धा फिरती. अण्णांना ते फार आवडलं. हे काम मी अंगाला लावून घेतलं ते त्या दिवसापासून.

पहिला लॉट मात्र मी चुकवला. माल भारी दिसावा म्हणून जाड, गुळगुळीत आर्टकार्ड घेतलं आणि दोन्ही बाजूंनी चकचकीत लॅमिनेशन मारलं. चार महिन्यांनी काका उरलेली कार्डं घेऊन आले. कडांना लॅमिनेशन सुटून खारं पाणी आत शिरलं होतं, आणि मागे पेन चालतच नव्हतं. लोक कार्ड घ्यायचे, पेन काढायचे, लिहायला जायचे आणि थांबायचे. मला त्याचं फार वाईट वाटलं. ज्या कामासाठी कार्ड होतं, तेच आम्ही बंद करून टाकलं होतं. मग फक्त पुढच्या बाजूला मॅट लॅमिनेशन करून मागची बाजू कोरी ठेवली. तेही चाललं नाही. मोकळी बाजू हवेतली ओल पिते, लॅमिनेशनची बाजू पीत नाही, आणि कार्ड उन्हात घातलेल्या पापडासारखं वळतं.

तेव्हा द्राक्षांच्या लेबलची शीट आठवली. मॅट सिंथेटिक, जाड, लॅमिनेशनशिवाय. लीटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ, समुद्राच्या पाण्यात साधारण तेवढं असतं, असं पाणी बादलीत करून नमुने आठवडाभर बुडवले. दुसरी थप्पी गाळ्याच्या पत्र्यावर खिळ्यांनी ठोकून पाडव्यापासून मृग लागेपर्यंत उन्हात ठेवली. पिवळा आणि गुलाबी रंग आधी उडाले, काळा टिकला. तेव्हापासून आमचा नियम : चित्र कितीही रंगीत असू दे, नाव, आकडे आणि पत्ता फक्त काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणातून केलेल्या काळ्यात नाही. छापून झालं की लहान लहान थप्प्या, आणि कटिंग दुसऱ्या दिवशीच. कितीही घाई असली तरी.

घाई असतेच. आग्नेय आशियाकडून लाल समुद्राकडे जाणाऱ्या बोटी ईशान्येचे वारे असताना, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत अरबी समुद्र ओलांडतात. वाटेत कोचीला थांबतात, तिथे बोलगाटी बेटावर मरीना आहे. काकांनी तिथल्या ओळखीच्यांना आमचा नमुना दाखवला आणि एकेक ऑर्डर यायला लागली, शंभर कार्डं, दोनशे कार्डं. नेमका तोच आमचा द्राक्षांचा हंगाम. एकदा एका कुरिअर कंपनीने पार्सल चुकीच्या शहरात पाठवलं. ते कोचीला पोहोचलं तेव्हा बोट तीन दिवसांपूर्वीच सुटली होती. वाऱ्याला थांब म्हणता येत नाही. तेव्हापासून बोट सुटायच्या तारखेआधी दहा दिवस माल हातात पडेल, असा हिशोब धरतो, आणि ते जमणार नसेल तर काम घेत नाही.

एक चूक त्याहून मोठी होती, ती सांगायलाच हवी. एका जोडप्याच्या ईमेलमध्ये दोन शब्दांच्या मध्ये खालची रेघ होती, अंडरस्कोअर. आमच्या डिझायनरने ईमेल उठून दिसावा म्हणून त्याखाली सलग रेघ ओढली आणि ती छोटी रेघ मोठ्या रेघेत बुडाली. वाचणाऱ्याला तिथे मोकळी जागा वाटणार. प्रूफ मी पाहिलं होतं, त्यांनीही पाहिलं होतं. वर्षभर त्यांनी ती कार्डं वाटली. त्या वर्षी भेटलेल्यांपैकी कोणाचीच मेल त्यांना मिळाली नाही. नवीन कार्डं आम्ही फुकट करून दिली, पण तेवढ्याने ते वर्ष भरून निघत नाही. आता ईमेलखाली रेघ नाही, शून्य आणि ओ वेगळे दिसतील, एक आणि एल वेगळे दिसतील असाच टाइप वापरतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की प्रूफवरून तुम्ही नाही, तुमच्या मित्राने तुम्हाला मेल पाठवून बघायची.

कार्डावर काय असावं, याबद्दल माझी मतं आता पक्की झाली आहेत. बोटीचं नाव सगळ्यांत मोठं. त्याखाली माणसांची पहिली नावं, मुलांचीसुद्धा, कारण मुलांची मैत्री आधी होते. सूर्यास्ताचा फोटो नको, बोटीचं बाजूने काढलेलं रेखाचित्र हवं. खाडीत दुरून ओळख आकारावरून पटते : डोलकाठी एक की दोन, पाण्यात टेकणारं बोटीचं धड एक की कॅटमरानसारखी दोन. बोटीचं नोंदणीचं बंदर. रेडिओचं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं बोटीचं सांकेतिक नाव, आणि नऊ आकडी एमएमएसआय नंबर, म्हणजे बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक. या नंबरचे पहिले तीन आकडे देशाचे असतात, भारताचे ४१९. बोटीवरच्या जवळच्या पल्ल्याच्या, व्हीएचएफ रेडिओवर या नंबराने थेट त्याच बोटीला हाक मारता येते, पण ती नजरेच्या टप्प्यापलीकडे फारशी जात नाही. बोट दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली गेली की हा नंबर बदलतो, म्हणून एकदम हजार कार्डं छापू नका असं मी सांगतो. स्थानिक सिमचा नंबर तर छापूच नये, पुढच्या देशात तो मेलेला असतो. कायमचा एक नंबर, देशाच्या कोडसकट. घराचा पत्ता शक्यतो नको, कारण ते घर रिकामं आहे हेच आपण सगळ्यांना सांगत असतो. कोणी सॅटेलाइट फोनचा नंबर टाकायला सांगितला तर छापतो, पण भारतात परवानगीशिवाय तो फोन जवळ बाळगणंही बेकायदेशीर आहे, हे आधी कानावर घालतो.

आकार आपल्या नेहमीच्या व्हिजिटिंग कार्डाचाच. चौकोनी, घडीची, पानाच्या आकाराची कार्डं दिसतात सुंदर, पण लोक मिळालेली कार्डं ज्यात लावून ठेवतात त्या अल्बमच्या खणात बसत नाहीत, आणि जे खणात बसत नाही ते हरवतं. हल्ली क्यूआर मागतात. मी त्यात वेबसाइटची लिंक घालत नाही, नाव-नंबर-ईमेल थेट भरतो, म्हणजे जिथे नेट नाही तिथेही फोन तो वाचून जतन करतो. तरीही अक्षरात छापलेला मजकूर काढायचा नाही. फोन पाण्यात पडतो.

आणि मागची बाजू कोरी. जाहिरात नको, सुविचार नको, नकाशाही नको. ती बाजू घेणाऱ्याची आहे.

आमच्याकडची शिडाच्या बोटींची हवा या काळात बदलत गेली. काका पहिल्यांदा आले त्याच्या आधीच, २००९-१० साली, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे म्हादेई बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले होते, वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन एवढीच बंदरं घेऊन. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी तारिणी बोटीतून गेल्या. या नंतरच्या दोन्ही मोहिमांच्या वेळी काका गाळ्यावर येऊन नकाशा पसरायचे आणि आमचे मशीनवाले जेवण सोडून भोवती जमायचे. पुण्या-मुंबईचे, गोव्याचे हौशी लोक आता कार्डं करून घेतात. तरी धंदा म्हणाल तर आमचं पोट पत्रिका, बिलबुकं आणि द्राक्षांच्या लेबलवरच चालतं. बोटकार्डांचं काम वर्षाच्या उलाढालीत दिसतसुद्धा नाही. लाल समुद्रातला रस्ता धोक्याचा झाल्यापासून कोचीकडच्या ऑर्डरी आणखी कमी झाल्या आहेत. तरी मी ते काम बंद करणार नाही.

२०२२ मध्ये कमांडरकाका गेले. महिनाभराने काकू तो बिस्किटांचा डबा घेऊन गाळ्यावर आल्या. "या सगळ्यांना कळवायला हवं रे, पण यातलं कोण कोणतं ते मला काय ठाऊक." तीन संध्याकाळी मी, माझी मुलगी आणि काकू बसलो. मुलगी यादी करत होती, मी मागची बाजू वाचून दाखवत होतो. काकांचं बारीक, सरळ अक्षर. 'गॉल, फेब्रु. २०१२. पाण्याचा पंप दिला, पैसे घेतले नाहीत.' 'उलिगान. मुलगा बुद्धिबळ खेळतो, दोनदा हरवलं मला.' काही कार्डं बोटीवरच्या घरगुती प्रिंटरवर काढलेली होती, त्यांची शाई पसरून आकडे गेले होते. त्यांना कळवता आलं नाही. बऱ्याच मेल परत आल्या. एक जोडपं बोट विकून कधीच जमिनीवर राहायला गेलं होतं. ती बोट त्याच नावाने अजून फिरते आहे, मुलीने तिच्या नवीन मालकाला शोधलं आणि त्याने आमचं पत्र त्यांना पुढे पाठवलं.

उत्तरं हळूहळू येत राहिली. एक बाई न्यूझीलंडहून लिहीत होत्या. त्यांच्या अल्बममध्ये काकांचं कार्ड अजून होतं. त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. पुढची बाजू मी लगेच ओळखली, आमच्या सिंथेटिक शीटचा पहिला लॉट, काळा अजून गर्द. मागे त्यांनी पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलं होतं : कोची, जानेवारी २०१४. आमच्या बोटीवर थालीपीठं केली. बायको करते तशी जमली नाहीत असं तीनदा म्हणाला.

मी ते काकूंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, मला हे छापून दे. पुढची बाजू नको, एवढंच. मी त्याच शीटवर, पेन्सिलीच्या त्याच राखाडी रंगात ती ओळ छापली, रात्रभर वाळू दिली, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात सगळ्यांत वर ठेवून डबा कॉलेज रोडला पोहोचवला.