डब्यात काय होतं, ते नीट लिही

“तिकडे अमेरिकेत लेख छापून आला म्हणजे, ओळख होती का कोणाची?” नागपूरच्या धरमपेठेतल्या मावशीचा पहिला प्रश्न.

ओळख कसली? इथली बरीचशी साहित्यिक नियतकालिकं विद्यापीठांच्या आसऱ्याने चालतात. सत्र सुरू असेल तेव्हा लेख मागवतात, उन्हाळ्यात अनेकांची दारं बंद. लेख बहुधा ‘सबमिटेबल’ नावाच्या वेबसाइटवरून पाठवायचा, पुष्कळदा तीनेक डॉलर भरून, आणि मग ‘रिसीव्हड’चं ‘इन-प्रोग्रेस’ कधी होतं ते पाहत महिनोन्‌महिने बसायचं. पहिली चाळणी पुष्कळ ठिकाणी तिथे शिकणारी पोरंच लावतात. एकच लेख चार जागी पाठवला तरी सहसा कोणी डोळे वटारत नाही, फक्त एकीकडे जमलं की बाकीच्यांना लगेच कळवायचं. आपल्या दिवाळी अंकांशी असं वागून बघा, पुढच्या वर्षी संपादक फोन उचलणार नाहीत! आणि हो, ब्लॉगवर किंवा फेसबुकवर टाकलेला लेख बरेच संपादक ‘छापून आलेला’च धरतात. पाठवायचा विचार असेल तर आधी हात आवरा.

माझा लेख बाबांवर आहे. त्यांची कापड गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. नंतर कितीतरी महिने बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हँडलला डबा अडकवून सायकलवर निघत आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी परत येत. मधला दिवस ते इतवारीतल्या एका मित्राच्या दुकानात बसून काढत. डबा घासायचं काम माझ्याकडे होतं. तो कधी कधी भरलेलाच परत यायचा, आणि आई काही न विचारता त्यातली पोळी कुस्करून रात्री फोडणीला टाकायची.

संपादकबाईंनी सुरुवातीची दोन पानं सरळ कापली. त्यात अंबाझरी होती, मे महिन्यातली गच्ची होती, कूलरच्या वाळ्याचा वास होता. ललित म्हणून आपल्याकडे एवढ्यावरही निभावलं असतं. बाईंचं म्हणणं, लेख तिसऱ्या पानावर डब्यापाशी सुरू होतो, आणि तो घासणारी मुलगी काय समजत होती ते कुठेच नाही. दोन दिवस मी फणफणले, मग मुकाट्याने लिहायला बसले. भारताच्या मध्यात, समुद्रापासून इतक्या लांब, कापडाच्या गिरण्या कशा, हेही त्यांनी विचारलं. मग वऱ्हाडचा कापूस आला, जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल आली. तेवढं एका वाक्यात बसवलं.

खरी परीक्षा पुढेच होती. लेखकाला घरच्यांची परवानगी कशाला, असं इथल्या लेखन कार्यशाळेत छातीठोकपणे सांगतात. सांगणाऱ्यांचं ठीक आहे. इतवारीत कोण कुठे बसलं होतं हे संध्याकाळच्या आत महालात पोहोचतं, अशा गावात त्यांचे आईबाप राहत नाहीत. घरी विचारल्याशिवाय छापू देणं मला जमलं नसतं. पण पूर्ण लिहून झाल्यावरच विचारलं. आधी विचारलं असतं तर लेख झालाच नसता, हेही तितकंच खरं.

माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, नागपुरात सकाळचे सात. फोनवरच मराठी करत लेख वाचून दाखवला. आई मध्येच म्हणाली, “भाजी रोज देत होती मी. नुसती पोळी-चटणी काऊन लिहिलं? लोकं काय म्हणतील? डब्यात काय होतं, ते नीट लिही.” गिरणी बंद पडल्याचं, बाबा खोटं बोलल्याचं तिला काहीच वाटलं नाही. तिला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं म्हणे. भाजी घातली.

बाबा बराच वेळ गप्प. मग विचारलं, “पैसे किती देऊन राहिले?”

“पैसे नाही बाबा, दोन अंक देतात.”

“अन् तीन डॉलर तू भरले?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

करारानुसार मी फक्त पहिल्या प्रकाशनाचे हक्क दिले होते. अंक निघाला, हक्क परत माझ्याकडे आले. म्हणून आता मराठीत लिहायला घेतलाय, कारण बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’ला पाठव, असं मावशीचं चाललंय. बाबांचं एकच म्हणणं आहे: मित्राच्या दुकानाचं नाव घालायचं नाही, पण चहाचे पैसे त्याने कधीच घेतले नाहीत, हे मात्र आलंच पाहिजे.