ते फोटो मी का बघतो, तुम्ही विचारलंत म्हणून

"भाऊजी, कसे बघवतात तुम्हाला ते चेहरे?" हे वहिनीने विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, परवा वॉर्डातल्या नव्या सिस्टरनेही विचारलं. म्हणजे पर्सी हेनेलने दुसऱ्या महायुद्धात काढलेले जखमी सैनिकांचे रंगीत फोटो, कुणाचा जबडा गेलाय, कुणाच्या पापण्या जळाल्यात. एकदाच नीट सांगतो.

मला विकृत आवड नाहीये. मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात फोटो काढतो आणि हेनेल माझ्याच कामातला माणूस. मेटल बॉक्स ही पत्र्याचे डबे बनवणारी ब्रिटिश कंपनी, तिथला तो फोटोग्राफर. लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तीन निगेटिव्ह घ्यायच्या, मग तीन रंगांतले ठसे एकावर एक बसवायचे, एखादा केसभर सरकला की ओठाच्या कडेला भलताच रंग उमटतो. एवढा खटाटोप कशासाठी, तर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ओलं रक्त, खपली आणि मेलेली कातडी तिन्ही काळीच दिसतात. पहिल्या महायुद्धात प्लास्टिक सर्जन हॅरोल्ड गिलीज ऑपरेशन करायचा तेव्हा चित्रकार हेन्री टाँक्सने तेच चेहरे रंगीत खडूंनी काढले, म्हणजे तिथे रंग आला तो चित्रकाराच्या हातून. 1917 मध्ये गिलीजने कातडीची नळी शिवून चेहऱ्यापर्यंत न्यायला सुरुवात केली, आणि अशा नळीत रक्त खेळतंय की साकळतंय हे आधी रंगच सांगतो, गुलाबी म्हणजे ठीक, निळसर झाली की पळा.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेतातल्या मशिनमध्ये गाल फाटलेला एक पोरगा, फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट उचललेली कातडी, लावून दुसरी रात्र. सर घरी, त्यांनी फोनवर फोटो मागवला. वॉर्डातली ट्यूब गेलेली, पलंगावर एकच पिवळा बल्ब. पोराची आई मोबाइलचा टॉर्च धरून उभी, हात थरथरतोय, मीच म्हणालो की ताई टॉर्च बंद करा, चमक येतेय. फोटो काढला, छान आला, गुलाबी. तिने विचारलं, "दादा, नीट दिसतंय ना?" मी म्हणालो, एकदम मस्त. सरांचा मेसेज आला, ओके. पहाटे सिस्टरने बोट दाबून बघितलं तेव्हा कड जांभळी झाली होती, सर धावत आले, टाके सोडले, तरी अर्धा फ्लॅप गेला. नंतर मी तो फोटो शंभर वेळा उघडला असेल, त्यात पांढरी उशीसुद्धा पिवळट आहे, फोनच्या त्या एवढ्याशा स्क्रीनवर मला ती दिसली नाही.

तोवर मी विद्यार्थ्यांना ठासून सांगायचो की रंगीत फोटो खोटं बोलत नाही. तो जुना मी अजून भांडतो माझ्याशी, म्हणतो चूक बल्बची, तुझं कामच फोटो काढायचं, बोट लावायचं नाही. मी म्हणतो टॉर्च कुणी बंद करायला लावला? यावर तो गप्प बसत नाही, म्हणतो टॉर्चनेही रंग बिघडलाच असता, आणि तेही खरंच आहे.

म्हणून हेनेलचे फोटो बघतो. जखमेआधी चादर बघतो, बँडेज बघतो, पांढरं पांढरं आलंय का. ते सैनिक माझ्यासाठी नव्हते बसले कॅमेऱ्यापुढे, रात्री घरी बसून मी त्यांच्याकडे टक लावून बघावं का, हा वहिनीचा मुद्दा मला खोडता येत नाही. कधीकधी टॅब बंद करतो, दुसऱ्या दिवशी परत उघडतो.

पुढच्या महिन्यात त्या पोराचं पुढचं ऑपरेशन आहे. त्याच्या आईने सरांना सांगितलंय, फोटो त्याच दादांना काढू द्या. का सांगितलं असेल, मला विचारायची हिंमत झाली नाही.