एका फाइलीतला आकडा आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस

लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि त्यावर आयथ्री हा हलका विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्राम) घेतला. नोम किंवा केडीईसारखं पूर्ण डेस्कटॉप असतं तर ब्राइटनेसच्या कळा आपोआप चालल्या असत्या. आयथ्रीत त्या कळेला काय करायचं ते आपणच सांगावं लागतं. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये आकड्यांसकट इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या; फक्त ‘ईडीपी’तले डी आणि पी, आणि ‘-एजी’तला जी मोठे.)

आधी ‘एक्सरँडर --आउटपुट ईडीपी-१ --ब्राइटनेस ०.५’ करून पाहिलं. स्क्रीन अंधारली, पण पांढरा रंग राखाडी झाला आणि काळा तसाच धुरकट राहिला. या कमांडने पडद्यामागचा दिवा कमी होतच नाही, फक्त रंगांच्या किमती ०.५ ने गुणल्या जातात. एलसीडी पडद्यावर दिवा पूर्ण जळत राहतो, म्हणजे बॅटरीही वाचत नाही. ओलेडचं गणित वेगळं, तिथे मागे दिवाच नसतो. पुढे एक्सबॅकलाइट वापरलं, तर ‘नो आउटपुट्स हॅव बॅकलाइट प्रॉपर्टी’ असं उत्तर आलं. मोडसेटिंग हा ग्राफिक्सचा ड्रायव्हर ती प्रॉपर्टी देत नाही, त्यामुळे या वाटेला जाऊच नये.

खरा दिवा असतो ‘/सिस/क्लास/बॅकलाइट’ या फोल्डरात. तिथे ‘एलएस’ केल्यावर मला दोन नावं दिसली: एसीपीआय_व्हिडिओ० आणि इंटेल_बॅकलाइट. (एएमडीच्या चिपवर एएमडीजीपीयू_बीएल० किंवा बीएल१ असं काहीतरी दिसेल.) प्रत्येकात ‘मॅक्स_ब्राइटनेस’ आणि ‘ब्राइटनेस’ या दोन फाइली कामाच्या. ‘सीडी’ने इंटेल_बॅकलाइटमध्ये जाऊन ‘कॅट’ने पहिली वाचली: १९२००. म्हणजे २५ टक्के उजेडाला ४८००. हा कमाल आकडा प्रत्येक मशीनवर वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवरचा आकडा उचलून आपल्याकडे टाकू नये.

आता आकडा लिहायचा. ‘सुडो एको ४८०० > ब्राइटनेस’ असं केलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं, आणि सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारी कमांड) लावूनही नकार का, हे पटकन कळत नाही. सुडोचा अधिकार फक्त ‘एको’ला मिळतो. ‘>’ या चिन्हाने फाइल उघडण्याचं काम शेल (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचणारा प्रोग्राम) करतं, आणि शेल तर आपल्या साध्या खात्यावर चालू असतं. म्हणून ‘एको ४८०० | सुडो टी ब्राइटनेस’ असं लिहायचं, कारण इथे फाइल उघडणारा ‘टी’ आहे आणि त्याच्याकडे अधिकार आहे. एंटर दाबताक्षणी स्क्रीन उतरली, आणि काळा रंग खरोखर काळा दिसला.

शून्य लिहिताना सांभाळा. काही लॅपटॉपवर शून्य म्हणजे अगदी मंद, तर काहींवर दिवाच बंद. आपल्या मशीनवर काय होतं ते असं तपासा: ‘सुडो एसएच -सी "एको ० > ब्राइटनेस; स्लीप ५; एको ९६०० > ब्राइटनेस"’. पाच सेकंदांनी उजेड आपोआप परत येतो, अंधारात कमांड टाइप करावी लागत नाही.

एसीपीआय_व्हिडिओ० मध्ये आकडा बदलला तरी स्क्रीन हलली नाही. ज्यांच्याकडे फक्त तेच एक नाव दिसतं आणि ते चालत नाही, त्यांनी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’ हा पर्याय द्यावा. थेट ग्रबच्या (मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलीत लिहू नका. सुरू होताना ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो जोडा आणि एफ१० दाबा. तो एकदाच लागू होतो, त्यामुळे बिघडलं तरी पुन्हा सुरू केलं की सगळं पूर्ववत. जमलं, तरच ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये लिहून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा.

रोज सुडो नको म्हणून ‘ब्राइटनेससीटीएल’ टाकलं. ‘सीएचमॉड’ने फाइलीची परवानगी बदलून भागत नाही, कारण ‘/सिस’ डिस्कवर नसतं, दर बूटला नव्याने तयार होतं. ब्राइटनेससीटीएलच्या नव्या आवृत्त्या सिस्टमडीच्या लॉगइनडीकडून (लॉगइन सांभाळणाऱ्या सेवेकडून) काम करून घेतात. तरीही परवानगी नाकारली, तर ‘सुडो यूजरमॉड -एजी व्हिडिओ’ आणि पुढे आपलं खातं. मग लॉगआउट करून परत लॉगइन (हे बरेच जण विसरतात). या ग्रुपला फाइलीत लिहू देणारा यूडेव्हचा (उपकरणं सांभाळणाऱ्या सेवेचा) नियमही मशीनवर असायला हवा. आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये वाढवायच्या कळेला ‘ब्राइटनेससीटीएल सेट ५%+’ आणि कमी करायच्या कळेला ‘ब्राइटनेससीटीएल --मिन-व्हॅल्यू=१९२ सेट ५%-’ जोडलं. या १९२ मुळे कळ कितीही वेळ दाबली तरी उजेड एक टक्क्याखाली जात नाही.

खालच्या टोकाला मात्र प्रत्येक पायरी डोळ्यांना मोठी वाटायची. १० वरून ५ टक्क्यांवर आलं की उजेड निम्मा होतो, तर ९५ वरून ९० झालेलं कळतही नाही. दोन्ही कमांडमध्ये ‘-ई’ घातल्यावर पायऱ्या डोळ्यांच्या अंदाजाने पडू लागल्या.

बाहेरचा मॉनिटर या फोल्डरात दिसत नाही. त्याच्या मेनूत डीडीसी/सीआय (केबलमधून मॉनिटरला आज्ञा देण्याची सोय) चालू करा, ‘सुडो मॉडप्रोब आयटूसी-डेव्ह’ करा, आणि मग ‘सुडो डीडीसीयूटिल सेटव्हीसीपी १० ४०’. यातला १० हा ब्राइटनेसचा कोड आणि ४० हा हवा तो आकडा.